न कापलेला कोपरा

१८ मे, रविवार
(छापलेला शनिवार खोडला.)

ही डायरी बाबांची, गेल्या वर्षीची. आईने नागपूरहून येताना आणली आणि काल बॅगा आवरताना माझ्या हातात दिली. "एप्रिलपर्यंतच भरली आहे. पुढची पानं कोरी आहेत. वाया कशाला घालवायची, गौरा?"

बाबांचं शेवटचं लिहिणं २५ एप्रिलचं. "४४.५. पाणी दोनदा भरलं. चिमण्या, बुलबुल, एक होला." उन्हाळाभर ते रोजचा पारा टिपायचे आणि गच्चीवर पक्ष्यांसाठी मातीच्या परळात पाणी आणि मूठभर ज्वारी ठेवायचे. घरातला कूलर सुरू व्हायच्या आधी पक्ष्यांचं पाणी सुरू व्हायचं. २६ला ते दवाखान्यात गेले, २९ला पहाटे संपलं. मधली चार पानं कोरी आहेत. त्या दिवसांत आई मला फोनवर रोज सांगत होती, "थोडा ताप आहे. ठीक आहेत." २९ला मला कळलं. तिसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

मी ती चार पानं उलटून इथे आले आहे. वर्षश्राद्ध करून आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅनडात आली आहे. त्या चार दिवसांबद्दल तिने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. या मुक्कामात विचारायचं असं ठरवलं आहे. ठरवून आठ दिवस झाले.

आई खोलीबाहेर फारशी येत नाही. जेवायला येते, ताट धुऊन ठेवते, परत जाते. आज मात्र दुपारी तिची हाक आली. धावतच गेले. ती खिडकीशी उभी होती.

"तो बघ, कसा ओरडून राहिला. बंडी उलटी घालून आला वाटते."

कुंपणाच्या खांबावर बॉबोलिंक बसला होता. पोट काळंभोर, पाठ पांढरी, मानेवर साय धरल्यासारखा पिवळा ठिपका. इतर पक्षी पोटाकडून उजळ असतात, हा पाठीकडून. हे तीन वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. आईला दोन मिनिटांत दिसलं.

२४ मे, शनिवार

पक्षीमंडळाचं पत्रक काढून आईला वाचून दाखवलं. हे पक्षी दक्षिण अमेरिकेतून येतात. झाडावर नाही, गवतात, जमिनीवर घरटं करतात. जूनमध्ये चाऱ्यासाठी गवत कापतात आणि यंत्राखाली घरटी जातात. पन्नास वर्षांत चारातले तीन पक्षी संपले. खाली ठळक अक्षरांत: घरट्यापासून दूर राहा.

"आणि आपलं गवत कोण कापते?"

मी सांगितलं. ओटावाजवळच्या कनाटातलं टाउनहाउस विकून कार्प गावाच्या पुढे हे घर घेतलं तेव्हा मागचं आठ एकरांचं कुरणही आलं. शेजारचा गार्नेट जून महिन्यात गवत कापून त्याच्या गाईंना नेतो आणि बदल्यात हिवाळाभर ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने उपसण्यापासून आम्हाला वाचवतो. ट्रॅक्टरला फाळ लावून दहा मिनिटांत सगळा बर्फ बाजूला.

"म्हणजे गावचा पाटीलच तो," आई म्हणाली. "मग पाटलाला सांगून ठेव."

माझा पुणेकर नवरा उन्मेष हसला. "आई, एवढी मोकळी जमीन पुण्यात असती तर एव्हाना त्यावर तीन टॉवर आणि एक क्लबहाउस झालं असतं. पक्ष्यांनी फ्लॅट बुक केले असते."

"पुणेकरांनी पक्ष्यांना दुपारी एक ते चार येऊ नका म्हणून पाटी लावली असती," आई म्हणाली.

तिने विनोद केला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

६ जून, शुक्रवार

पश्चिमेकडच्या वणव्यांचा धूर इथवर आला आहे. सूर्य संत्र्यासारखा. खिडक्या बंद. आई खिडकीला चिकटून बसली आहे, बाबांची दुर्बीण घेऊन. ती तिने आणली होती हेही मला आज कळलं. धुरात तो दिसत नाही, पण ऐकू येतो. बाटलीतून घाईघाईने पाणी ओतावं तसा आवाज.

७ जून, शनिवार

घरटं सापडलं. आईने शोधलं.

ती आठवडाभर एकाच गोष्टीवर नजर ठेवून होती. मादी साधीच, चिमणीसारखी मातकट. ती चोचीत गवत घेऊन येते, पण घरट्यावर उतरत नाही. दूर कुठेतरी उतरते आणि मग गवतातून चालत जाते. निघतानाही आधी चालते, मग उडते. कोणाला घराचा पत्ता लागू नये म्हणून.

"जिथे उतरते तिथे नाही," आई म्हणाली, "तिथून डावीकडे. त्या जांभळ्या फुलांपाशी."

आम्ही दोघी गेलो. गवत मांडीपर्यंत. आईने साडी खोचली होती आणि पायात माझ्या लेकीचे, जाईचे, जुने गमबूट. त्या जांभळ्या फुलांच्या क्लोव्हरखाली वाटीएवढा खळगा, आत तीन अंडी, राखाडी, त्यावर तपकिरी शिंतोडे. आई वाकून बघत राहिली. तिला धाप लागली होती. तरी चेहरा असा, की मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता.

जागा हरवू नये म्हणून एक काठी रोवली आणि तिला आईने लाल फॉलची पट्टी बांधली.

१२ जून, गुरुवार

गार्नेट आला. सत्तरीचा माणूस, बोलताना टोपी काढून हातात फिरवतो. वीस तारखेच्या आसपास कापीन म्हणाला, ऊन धरलं तर. मी घरट्याचं सांगितलं. जुलैच्या मध्यापर्यंत थांबता येईल का, असं विचारलं. विचारताना माझाच आवाज मला परका वाटला. इथे त्याच्या चार पिढ्या गेल्या. मी तीन हिवाळे काढले.

त्याने गवताची एक काडी उपटून बोटांत मोडली. "तोवर थांबलो तर ते गवत राहत नाही, झाडू होतो. माझ्या गाई त्याला तोंड लावणार नाहीत." मग म्हणाला, "मी पोरगा होतो तेव्हा या पक्ष्यांच्या कालव्यात बापाची हाक ऐकू यायची नाही."

शेवटी ठरलं. घरट्याभोवतीचा दोन एकरांचा कोपरा पंधरा जुलैपर्यंत तसाच ठेवायचा. बाकीचं तो कापणार. "पण एक," तो म्हणाला. "मध्येच काही झालं, घरटं रिकामं झालं, तर मला लगेच सांग. रिकाम्या घरट्यासाठी चांगलं गवत वाळवायचं नाही."

मी शब्द दिला.

आई घरामागच्या लाकडी डेकवरून बघत होती. गार्नेटने तिला टोपी हलवून दाखवली. तिने हात जोडले. "काय म्हणाला पाटील?"

"कोपरा तुझा म्हणाला."

१६ जून, सोमवार

पाच अंडी झाली आहेत. आम्ही रोज संध्याकाळी जातो. मादी उडून जाते, आम्ही बघतो, परत येतो, ती येऊन बसते. फार वेळ थांबत नाही.

डेकवरून आता आमची पायवाट स्पष्ट दिसते. घरापासून लाल पट्टीपर्यंत सरळ रेघ. उन्मेष म्हणाला, "सासूबाईंनी रस्ता काढला. आता दिवे लावायचे तेवढे बाकी आहेत."

जाई म्हणाली, "आजी, यू कान्ट गो एव्हरी डे. इट सेज कीप युअर डिस्टन्स. यू आर लीडिंग एव्हरीथिंग टू हर."

"काय म्हणते?" आईने विचारलं.

"म्हणते, आजी, जपून चाल."

जाईने माझ्याकडे पाहिलं. तिला मराठी सगळं कळतं. ती वर निघून गेली.

मला पत्रक पाठ आहे. पण आई सकाळी उठून वेणी घालते आहे, बाबांबद्दल आपण होऊन बोलते आहे. काल म्हणाली, बाबा असते तर वहीत रोजचं टिपण ठेवलं असतं. दहा दिवसांची गोष्ट आहे. दहा दिवसांत काय होतंय?

२० जून, शुक्रवार

गार्नेटने सकाळपासून कापलं. दुपारी सहा एकर जमीन उघडी, आडव्या पडलेल्या गवताच्या ओळी, आणि वास. आमचा कोपरा मात्र उभा. डोकं भादरताना मुलाची शेंडी ठेवावी तसा, आई म्हणाली.

कापलेल्या भागात कावळे आणि सीगल उतरले होते. काय वेचत होते ते मी बघितलं नाही.

२१ जून, शनिवार

पाचही फुटली! गुलाबी मांसाचे गोळे, डोळे मिटलेले. काठीचा आवाज झाला तशा पाच चोची एकदम वर झाल्या. आई म्हणाली, "अव माय." एवढंच.

२३ जून, सोमवार

पस्तीस. हवेतल्या दमटपणासकट चव्वेचाळीस जाणवतंय, असं रेडिओवर सांगत होते. आईने "फॉर्टी फोर" एवढंच ऐकलं आणि उठून बसली.

"नागपूर झालं की. त्या पिल्लांना पाणी कोण देईल? ती पंख पसरून बसली असेल. उठू तर शकत नाही."

मी म्हटलं, रानातले पक्षी आहेत, त्यांची सोय त्यांना कळते. डेकवर आपण पाणी ठेवलंच आहे.

"डेकवर ती येते का? आजवर आली का?" आई स्वयंपाकघराकडे निघालीच. "तुझे बाबा असते तर एव्हाना दोनदा भरलं असतं."

आईने स्टीलची पसरट वाटी काढली, पाणी भरलं. मागच्या महिन्यात इंडियन ग्रोसरीतून आणलेली अख्खी ज्वारी होती, ती मूठभर ताटलीत घेतली. तिला उन्हात पाठवायचं नव्हतं, म्हणून मीच नेलं. तिने नेलं नाही, मी नेलं, हे लिहून ठेवते. घरट्यापासून दोन पावलांवर ठेवलं, पट्टीच्या काठीजवळ.

आल्यावर आईने विचारलं, "प्यायली?"

"माझ्यासमोर कशी पिईल? मी वळल्यावर पिईल."

आई समाधानाने खुर्चीत टेकली. संध्याकाळी परत जाऊन बघितलं तर निम्मी ज्वारी संपली होती. तिला सांगितलं. तिचा चेहरा बघून वाटलं, पत्रकं लिहिणाऱ्यांना तरी सगळं कुठे माहीत असतं?

२४ जून, मंगळवार

पुन्हा पस्तीस. वाटी पूर्ण रिकामी होती, आणि पालथी. वाऱ्याने असेल. वारा नव्हता तसा. पुन्हा भरून ठेवलं. ज्वारी थोडी जास्त.

२५ जून, बुधवार

घरटं रिकामं आहे.

सकाळी कामाचा कॉल संपवून अकराला एकटीच गेले. दुरूनच दिसलं की क्लोव्हर एका बाजूला दाबलं गेलंय. खळग्याचा काठ फाटलेला. आत काही नाही. शेजारी गवतावर एक कोवळं पीस, अजून नळीतच असलेलं. वाटी चार हातांवर पडली होती. ताटली चाटल्यासारखी स्वच्छ.

कुंपणाजवळच्या सपाट दगडावर रॅकूनची विष्ठा होती. हे मांजराएवढे, रात्री फिरणारे प्राणी घाण करायला ठरलेल्या एकाच जागी येतात, हे गार्नेटनेच मला पहिल्या वर्षी दाखवलं होतं. मी वाकून बघितलं. त्यात पांढरे गोल दाणे होते, न पचलेले, अख्खे.

या रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी ज्वारी आणत नाही.

ती मादी पत्ता लागू नये म्हणून चालत जायची.

मी वाटी, ताटली, काठी उचलली. पट्टी सोडवून खिशात घातली. किती वेळ तिथे उभी होते ते आठवत नाही. घरी आले तेव्हा आई कोथिंबीर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गेली होतीस?"

"हो. पिल्लं उडाली आई."

तिचा हात थांबला. "एवढ्या लवकर?"

चार दिवसांची पिल्लं. डोळेसुद्धा नीट उघडले नसतील. मी म्हटलं, "इथली पिल्लं लवकर उडतात."

"बरं झालं," आई म्हणाली. मग पुन्हा कोथिंबीर निवडू लागली. वाळकी पानं आणि चांगली पानं एकाच ढिगात टाकत होती. आज तिला जरा थकवा आहे, उन्हाचा असेल.

२६ जून, गुरुवार

आईने राहिलेली ज्वारी मिक्सरवर दळली आणि भाकऱ्या केल्या. वाटी घासून शेल्फवर पार मागे पालथी ठेवली आहे. मी म्हटलं, डेकवर तरी पाणी ठेवू या की. ती म्हणाली, "राहू दे. इथे काय, सगळीकडे पाणीच पाणी आहे."

म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं बहुतेक. जीव लावतात तसं मनही पटकन काढून घेतात. मला तर वाटलं होतं, ती रोज पिल्लांची चौकशी करील आणि मला रोज नवं काही रचून सांगावं लागेल. एकदाही केली नाही. एका अर्थी सुटले.

भाकरी मला गेली नाही.

२८ जून, शनिवार

गार्नेटला फोन करायला हवा. शब्द दिला होता. तीन दिवस फोन हातात घेऊन ठेवून देते आहे. त्याला सांगितलं की तो लगेच येईल, कोपरा कापेल. आई विचारेल, का कापून राहिला? पिल्लं उडाली म्हणून, असं सांगता येईल. पण कापलेल्या जागेवर ती चालत गेली तर? घरट्याचा फाटलेला काठ, ते पीस. तिला कळलं की तिच्यामुळे... तिच्या ज्वारीने... नको. बाबांची आठवण म्हणून तिने ती मूठ भरली होती.

उन्मेषला सगळं सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "तू गार्नेटशी खोटं बोलतेयस, म्हणजे आईशी बोललेलं खोटं टिकेल. किती दिवस?"

"पंधरा तारखेपर्यंत."

"आणि नंतर?"

नंतरचं मी बघितलेलं नाही.

१ जुलै, मंगळवार

कॅनडा डेची सुट्टी. जाईने गालावर मेपलचं पान रंगवून घेतलं आणि मैत्रिणींबरोबर ओटावात गेली.

आई हल्ली सकाळी एकटीच रस्त्याच्या टोकाला टपालपेटीपर्यंत चालून येते. आज बराच वेळ लागला म्हणून बघायला गेले, तर कुंपणाच्या अलीकडे ती आणि पलीकडे गार्नेट. मी झपाझप निघाले. ना हिला इंग्रजी, ना त्याला मराठी, तरी दोघं हातवारे करत उभी होती. मी पोचेपर्यंत तो ट्रॅक्टरकडे वळला. मला बघून टोपी हलवली.

"काय बोलत होतीस?"

"काय बोलणार? पाटील भेटला, रामराम केला."

त्याने मला काही विचारलं नाही, म्हणजे त्याला काही कळलेलं नाही.

८ जुलै, मंगळवार

कोपरा पिवळा पडायला लागला आहे. गवताला तुरे आलेत, वाऱ्यावर कोरडा आवाज करतं. गार्नेट म्हणाला तसाच झाडू. ते उभं गवत म्हणजे माझं खोटं, रोज डेकवरून दिसतं. तो पक्षी अजून एखाद्या वेळेस खांबावर येतो. गात नाही. नुसता बसतो, शेपटी हलवत.

आमची पायवाट मिटते आहे.

आईने विचारलं, "तुला त्या पिल्लांची आठवण येते का गं?"

"उडाली ना ती. आनंदच आहे."

"हो. आनंदच आहे," ती म्हणाली, आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. लहानपणानंतर पहिल्यांदा. का ते कळलं नाही.

१५ जुलै, मंगळवार

गार्नेट नऊला आला. यंत्र जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यावरच थांबवून खाली उतरला. मी ठरवलं होतं की त्याला खरं सांगायचं. तीन आठवडे त्याचं गवत मी वाळू दिलं, हे ऐकायचा त्याला हक्क आहे.

"गार्नेट, ते घरटं..."

"आधी चालून येऊ," तो म्हणाला. "मी कापायच्या आधी नेहमी चालून बघतो."

आम्ही दोघं गवतात शिरलो. मी अभावितपणे जुन्या पायवाटेकडे वळले. तो मात्र उलट, पार कुंपणाच्या कोपऱ्याकडे निघाला, जिथे आई आणि मी कधीच गेलो नव्हतो. दहा-वीस पावलं. आणि त्याच्या बुटाजवळून काहीतरी फडफडलं. एक, मग दोन, मग आणखी. आखूड शेपटीचे, पिवळट, अजून नीट उडता न येणारे पक्षी. चार हात उडायचे, धपकन गवतात पडायचे. मी सहा मोजले. सातवा कदाचित मोजलेलाच परत उडाला असेल. मादी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. खांबावरून नर ओरडत होता.

गार्नेट जागच्या जागी उभा राहिला. मग पाऊल मागे घेतलं, जिथून उचललं होतं अगदी तिथेच ठेवलं.

"हे घरटं तुला माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला.

आम्ही आलो त्याच पावलांनी परत फिरलो. ट्रॅक्टरपाशी त्याने टोपी काढली. आणखी दहा दिवस हे असंच राहू दे म्हणाला. गाईंखाली अंथरायला होईल. तेव्हा मी सांगितलं. रॅकून, ज्वारी, पंचवीस जून, शब्द मोडला ते. घाईघाईने, सगळं.

तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला. मग म्हणाला, "मला माहीत आहे. तुझ्या आईने सांगितलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"पहिल्या तारखेला. कुंपणाशी. हाताने दाखवलं. 'बेबी फिनिश' म्हणाली. मी म्हटलं, मग उद्या कापतो. तर तिने कुंपणावरून माझी बाही धरली. 'नो कट. डॉटर सॅड. नो टेल.'" तो टोपी फिरवत राहिला. "मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून पुन्हा पुन्हा काहीतरी सांगत होती. ते मात्र मला कळलं नाही."

मला कळलं.

(यापुढचं १५ जुलैचंच, पण २६ एप्रिलच्या पानावर लिहिते आहे.)

आई स्वयंपाकघरात गवारीच्या शेंगा मोडत होती. मी समोर बसले, मीही मोडायला घेतल्या. ट्रॅक्टर निघून गेल्याचा आवाज आला.

"कापलं नाही पाटलाने?"

"नाही. दुसरं घरटं होतं आई. कुंपणाच्या कोपऱ्यात. सहा पिल्लं. उडायला लागली आहेत."

तिने शेंग खाली ठेवली. "खरी?"

त्या एका शब्दात सगळं आलं. मी म्हटलं, "ही खरी."

मी आणखी दोन शेंगा मोडल्या. मग मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी सकाळी. तू कामावर बसली होतीस. मी गेले होते बघायला, तुझ्याआधी. तो दगडही पाहिला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

हे मी घरट्याबद्दल विचारलं होतं. आईने उत्तर दिलं ते दुसऱ्याच गोष्टीचं दिलं. तिने सांगितलं तसं, त्या त्या पानावर उतरवते आहे.

२६ एप्रिल
बाबा सकाळी पाणी भरायला गच्चीवर गेले ते तिथेच बसले. ताप. शेजारच्या गुंजनने गाडी काढली. दवाखान्यात म्हणाले, गौराला आत्ता सांगू नकोस, धावत सुटेल. दोन दिवसांत घरी जाऊ.

२७ एप्रिल
जरा बरे होते. पेज घेतली. आईला म्हणाले, घरी जाऊन गच्चीवर पाणी ठेवून ये. ती म्हणाली, तुम्हाला टाकून जाणार नाही. यावरून दोघं भांडली. हे सांगताना आई हसली.

२८ एप्रिल
सकाळी अकराला श्वास लागला. आईने मोबाइल काढला, म्हणाली, आता तिला लावते. बाबांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "तिच्याकडे मध्यरात्र असेल. झोपू दे. तिची सकाळ झाली की लाव. मी बोलतो."

माझी सकाळ झाली तेव्हा नागपुरात संध्याकाळचे साडेपाच होते. तोवर मास्क लावला होता, बोलता येत नव्हतं. फोन मीच केला होता, रोजच्यासारखा. आईने बाहेरच्या बाकावर येऊन घेतला. मला तो फोन आठवतो. मी कॉफी करत होते. म्हटलं, बाबांना दे. ती म्हणाली, झोपलेत गं. मी म्हटलं, बरं, उठवू नकोस.

२९ एप्रिल
इथे आई थांबली. शेंगा संपल्या होत्या. मी डायरी तिच्यापुढे सरकवली. तिने चष्मा लावला, पेन घेतलं, बाबांच्या अक्षरासारखं बारीक लिहिलं आणि वही माझ्याकडे परत केली.

"४५. घाटावरून आल्यावर आधी गच्चीवर गेले. परळ कोरडा होता. पाणी भरलं."